डिंभ्याचं पाणी आणि संडास असलेली होडी

आमच्या घरात होडी घ्यायचं ठरलं ते महेशच्या वेडापायी, आणि कुठली घ्यायची हे ठरलं ते माझ्या आईपायी. महेश म्हणजे माझा नवरा. त्याच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे, पण निवृत्तीनंतरचे सगळे छंद त्याने आतापासूनच करून ठेवलेत. लोकांचे नवरे प्लॉट बघतात, शेतघर बघतात. आमचा जेवण झालं की सोफ्यावर पाय पसरून जुन्या मोटरबोटींच्या जाहिराती बघतो. बरीच वर्षं मी हे हसण्यावारी नेलं.

मग एक दिवस मला डिंभे आठवलं. आईचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या काठची एक वाडी. माझ्या लहानपणीच्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथेच गेल्या. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी नदी, संध्याकाळी अंगणात पडवीला टेकून आजोबांच्या गप्पा. करवंदं इतकी खायचो, की जीभ दुसऱ्या दिवशीही जांभळीच असायची. पुढे डिंभे धरण झालं आणि ती वाडी पाण्याखाली गेली. मामाने तिकडे पूर्वेला बोरी बुद्रुकला जमीन घेतली, बाकीची घरं जिकडेतिकडे पांगली. आई त्यानंतर त्या बाजूला कधी फिरकलीच नाही.

आई आता शहात्तर वर्षांची आहे, आमच्याकडेच असते. गुडघे अजून कुरकुरत का होईना, चालतात. ते पुरते थांबायच्या आत तिला एकदा त्या पाण्यावर न्यावं असं माझ्या मनाने घेतलं. विषय काढला की ती म्हणायची, "तिथं बघायला काय उरलंय? पाणीच ना?" दुसरं कारण ती बोलून दाखवायची नाही, पण मुलीला ते ठाऊक असतं. बाहेर कुठे जायचं म्हटलं की आई आदल्या रात्रीपासून पाणी प्यायची बंद होते. वाटेत सोय नसेल तर काय, ही धास्ती. तेव्हा मी महेशला सांगितलं, होडी घे, माझी हरकत नाही, पण तिच्यात संडास पाहिजे.

महेशचा चेहरा उजळला. अशा बोटीला म्हणे एक्स्प्रेस क्रूझर म्हणतात. वीस-बावीस फुटांची, पुढे बुटकी केबिन, आत दोघांना आडवं होण्यापुरती जागा, इवलासा ओटा आणि एक दार लावून घेता येईल असा संडास. मागे उघड्यावर बसायची जागा. नवी घ्यायची आपली ऐपत नाही, पण जुनी एका बऱ्या मोटारीच्या किमतीत मिळून जाते. दोन बोटी जुन्नर तालुक्यातच विकायला आहेत असं कळलं, आणि आम्ही एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी चिंचवडहून निघालो.

तुम्ही याच वाटेने जाणार असाल तर उजाडायच्या आत मोशी ओलांडा. आम्ही ओलांडली नाही, आणि चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मधोमध उभं राहून नाश्त्याची वेळ घालवली. खेडचा घाट चढलो की हवा बदलते, निदान मला तरी तसं वाटतं. पेठला चहा घेतला. पूर्वी पुण्याहून येणारी आमची एसटी इथे थांबायची आणि आई खिडकीतून काकडी घ्यायची. आता हॉटेलांच्या पाट्या मोठ्या झाल्यात आणि काकडी दिसली नाही. मागच्या सीटवरच्या आईला सांगितलं होतं, की मामाकडे चाललोय. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धंच होतं. मंचर, कळंब, नारायणगाव करत दुपारी जेवायच्या वेळेला बोरीत पोचलो.

दत्तूमामा आईपेक्षा लहान, पण तोही सत्तरीकडे झुकलेला. कांद्याची काढणी संपत आली होती आणि उसाला पाणी हवं होतं. कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय याकडे सगळ्या गावाचे डोळे लागलेले. जेवायला मासवडी आणि बाजरीची भाकरी. मासवडी नावालाच मासळीची, आत खसखस, तीळ, खोबरं असतं. रस्सा इतका झणझणीत, की महेशच्या कपाळावर घाम आला आणि मामीने समाधानाने आणखी वाढला. होडीचं ऐकून मामाला वेडगळपणा वाटेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. मामाने आयुष्यभर बैल पारखलेत, बैलगाड्या पळवल्यात. काहीही विकत घ्यायचं म्हटलं की त्याला चेव येतो.

"जनावर घ्याचं म्हंजी घाई न्हाई करायची, जावईबापू," तो हात पुसत म्हणाला. "आधी चालवून बघायचं. दात मागनं."

पहिली बोट ओतूरच्या पुढे एका धरणाकाठच्या रिसॉर्टवर होती. लांबून बघावी तर नवरी. पांढरीशुभ्र, नव्या कोऱ्या गाद्या, गाण्यांचे स्पीकर, निळे दिवे. महेश विरघळलाच. मामा चपला काढून आत चढला आणि ठिकठिकाणी टाच मारत हिंडू लागला. गालिच्याखाली एके ठिकाणी टाच आत दबली. तळ कुजला होता. जुनी बोट घेणाऱ्यांनी हे मामाकडून शिकावं: वरच्या गाद्या बघू नका, खालची फळी दाबून बघा. इंजिन चालू करा म्हटलं तर तिथला माणूस म्हणाला, बॅटरी उतरलीय, तुम्ही व्यवहार ठरवा, मग करतो. मामा चपला घालून गाडीत जाऊन बसला. जो बैल उठत नाही त्याची किंमत विचारायची नसते, हे त्याने आम्हाला परतीच्या वाटेवर ऐकवलं.

दुसरी बोट नारायणगावात, कांतिशेठच्या गोदामात. कांतिशेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण त्याचं बोलणं ऐकून कोणी सांगणार नाही. कांदा, बियाणं, औषधं असा त्याचा तीन पिढ्यांचा धंदा. गोदामात रिकाम्या बारदानाच्या थप्प्यांपलीकडे ताडपत्रीखाली, चाकांच्या गाड्यावर ती उभी होती. रंग थोडा फिका पडलेला. ताडपत्री शेठने कोणाला हात लावू न देता स्वतःच काढली. मुलगा-सून इथे असताना नातवंडांसाठी त्याने ती मुंबईहून आणली होती. दोन उन्हाळे सगळे दर रविवारी डिंभ्याला जायचे. मग मुलगा बेंगळुरूला गेला. केबिनमध्ये भिंतीवर लहान मुलांनी चिकटवलेल्या माशांच्या टिकल्या अजून तशाच होत्या. एक काढायला शेठने नख लावलं आणि मग तशीच राहू दिली.

महेशने वाचून-वाचून मिळवलेली सगळी विद्या इथे लावली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत गेला. आवाज टणक आला तर बरं, बद्द आला तर आत पाणी मुरलंय. इंजिनचं तेल पाणी शिरून दुधाळ झालंय का बघितलं. मागे पंख्याच्या दांड्याला रबरी भाता असतो, तो चिरला तर बोटीत पाणी शिरतं, म्हणून बोटाने चाचपला. बोट खाऱ्या पाण्यात फार राहिलेली नाही हे चांगलं. पेट्रोल मात्र ती म्हैस आंबोण खाते तसं खाते, तासाला वीस लिटर धरून चाला. धरणात खासगी बोट घालायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, बोटीची नोंदणी आणि विमा लागतो. शेठची कागदपत्रं डिंभ्यासाठी चालू होती, म्हणून आम्ही तिथेच चालवून बघायचं ठरवलं. मी एकच गोष्ट तपासली. संडासाचं दार आतून नीट लागतं, हाताच्या पंपाने पाणी येतं, आणि मैल्याची टाकी वेगळी आहे, धरणात थेंब जात नाही. माझ्यापुरता व्यवहार तिथेच झाला.

निम्म्याने मीही, म्हणत मामाने शेठच्या हातावर विसार ठेवला आणि मग एक अडचण निघाली. शेठ बोटीबरोबर नायलॉनचे दोन लांबलचक दोर आणि लोखंडी लंगर देत होता. मामा ते घेईना. आमच्याकडे जनावर विकलं की विकणारा आपलं दावं काढून ठेवतो, घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं. विकणाऱ्याची लक्ष्मी त्याच्या दाव्याबरोबर राहते. शेठने हसून समजावून बघितलं, पण बैलबाजारात त्याचंही लहानपण गेलेलं, त्याला ते पटतही होतं. शेवटी दोर आणि लंगर गोदामातच राहिले. मामाने होडी न्यायला बोरीहून मागवलेल्या ट्रॅक्टरच्या सीटखालून बैलाचं दावं काढून बोटीत टाकलं. महेशने माझ्याकडे बघितलं, मी गोदामाच्या छताकडे.

शनिवारी सकाळी मामाच्या ट्रॅक्टरमागे होडी जोडून आमची वरात निघाली. पुढे ट्रॅक्टर, मागे होडी, तिच्या मागे आमची मोटार आणि मोटारीत गाल फुगवलेली आई. सगळा बेत तिला आदल्या संध्याकाळी कळला होता. मी येणार नाही म्हणाली, मग एकटी मागे कशाला राहू म्हणून आली. मंचरहून घोडेगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा रसवंतीवरच्या एकाने मामाला थांबवलं.

"पावणं, कुठल्या जत्रंला निघालं हे?"

"सासरी चाललीय," मामा म्हणाला. "डिंभ्याला."

घोडेगावच्या पुढे डोंगर जवळ येतात. हिरड्याची झाडं, उन्हाने पिवळी पडलेली गवताची टेकाडं, मधूनच एखादा पांगारा. तळेघरकडे जाणारी एक एसटी भरून गेली, टपावर कोंबड्यांची टोपली नव्हती एवढाच काय तो पूर्वीपेक्षा फरक. वाटेत पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकायला बसलेली बाई दिसली. आई गाडीत बसल्या बसल्या त्या द्रोणाकडे बघत राहिली. मी घेऊन तिच्या मांडीवर ठेवला. पाण्याकाठी उतरेपर्यंत द्रोण रिकामा झाला होता.

एका गावाखाली हलक्या उताराचा मोकळा काठ आहे, तिथे मामाने ट्रॅक्टर उलटा घेत होडी पाण्यात सोडली. आयुष्यभर उसाची ट्रॉली मागे घेणाऱ्याला हे अवघड नव्हतं. होडी तरंगली, महेशने इंजिन चालू केलं, आणि मला कबूल करायला हवं, मलाही भरून आलं. आम्ही दोघं आणि मामा एक मोठा फेरा मारून आलो. आई काठावर आंब्याच्या सावलीत पाठ करून बसून होती. किती विनवण्या केल्या, पण नाहीच.

"त्या पाण्याखाली आमची चूल हाय," ती म्हणाली. "तिच्यावरनं मी फिरायला जाऊ?"

मुक्कामाला वर गावात मामाच्या ओळखीच्या घरी गेलो. जायच्या आधी मामाने होडीचं नाक काठाकडे घेऊन दाव्याने एका करंजाच्या बुंध्याला बांधलं, बैल बांधतात तसं, आखूड. लांब दाव्याला जनावर अडकतं, पाय मोडून घेतं, म्हणाला. महेशला आणखी खोल पाण्यात बांधायची होती, पण दावं तेवढंच होतं. रात्री नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लसणाची चटणी. मी तीच चव शोधत होते आणि ती मिळाली, म्हणून एक भाकरी जास्त खाल्ली.

रविवारी सकाळी खाली गेलो तर होडी चिखलात. नाक काठावर टेकलेलं, एक कूस जमिनीला लागलेली, शेपटाकडे तेवढं पाणी. मामा कपाळाला हात लावून उभा. आवर्तन सुटलं होतं. ज्या पाण्याची तो महिनाभर वाट बघत होता, ते रात्रीत कालव्याने त्याच्याच उसाकडे निघालं होतं आणि इथे काठावरचं वीतभर पाणी उतरलं होतं. पाणी सुटल्याचा मामीचा निरोपही मोबाइलवर येऊन पडला होता. लांब दोर असता तर होडी पाण्याबरोबर मागे सरकली असती. महेशने दोराचं नावही काढलं नाही. जावई म्हणून त्याला या गोष्टीचे गुण मी दिलेत.

ढकलायला माणसं हवी होती. जाळी आवरून येणारे मच्छीमार थांबले, वरच्या घरातले दोघे आले, आणि आपल्याकडे होतं तसं प्रत्येकाने वेगळा उपाय सुचवला. ऊन चढायला लागलं. तेवढ्यात आईने माझा पदर ओढला आणि अगदी हळू विचारलं, "त्याच्यात ते हाय ना?"

ती पहाटेपासून थांबलेली होती. परक्या घरात तिला संकोच वाटला होता. मी म्हटलं, आहे. तिने होडीकडे बघितलं. पाणी नव्हतं, चिखलावर टेकलेलीच होती, कललेली म्हणून चढायलाही सोपी. ही तर जमिनीवरच आहे, ती स्वतःशीच म्हणाली. दगडावर पाय देऊन, माझ्या खांद्याला धरून ती चढली. केबिनमध्ये वाकून गेली, आणि दार आतून लागलं.

मी दाराशी उभी. बाहेर उपायांवर एकमत झालं होतं, दावं सोडलं होतं आणि सगळे खांदे लावायला लागले. थांबा म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, पण मामाची आरोळी आधी आली. होडी करकरली, डावीकडे डुलली, उजवीकडे डुलली आणि एकदम हलकी झाली. मामा आणि महेश गुडघाभर पाण्यातून धावत येऊन वर चढले. महेशने इंजिन चालू केलं. पंपाचा आवाज झाला, दार उघडलं, आई बाहेर आली. काठ बराच मागे गेला होता.

मला वाटलं, आता ती ओरडणार. तिने कठड्याला घट्ट धरलं. मी तिला नारिंगी जाकीट चढवलं, ते तिने निमूट चढवू दिलं. पाण्याकडे बघितलं नाही, डोंगरांकडे बघितलं. एकेक करत सगळ्या शेंड्यांवरून तिची नजर फिरली. डोंगर बुडाले नव्हते, ते होते तिथेच होते.

"डावीकडं घ्या, जावईबापू," ती म्हणाली.

मामा म्हणाला, उजवीकडं. वाडी त्या खिंडीच्या समोर होती. आई म्हणाली, खिंडीच्या समोर देऊळ होतं, वाडी त्याच्या अलीकडे. दोघांची जुंपली. शहात्तर आणि सत्तरीचे दोघे भाऊ-बहीण भरधरणात उंबराचं झाड कोणत्या बाजूला होतं यावरून हमरीतुमरीवर आले. महेश एकदा इकडे, एकदा तिकडे चाक फिरवत होता. शेवटी आईने हात वर केला आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

शांत झालं. पाणी होडीच्या कुशीला लागत होतं तेवढाच आवाज. चाकाजवळच्या छोट्या पडद्यावर खोली दिसते, ती महेशने हळू आवाजात वाचून दाखवली. आईने मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि मान हलवली. मला तिथे काहीच दिसत नव्हतं, आणि सगळं दिसत होतं. अंगण, पडवी, आजीच्या हातातलं सूप. रडू आलं, ते मी आवरलं नाही.

आई म्हणाली, "दत्तू, निघताना कुलूप लावलं व्हतंस का रं?"

"कुलूप कशाला लावू, आक्का?" मामा म्हणाला. "कडी लावली व्हती."

"बरं केलंस," आई म्हणाली. "दार उघडं नसावं."

मग तिने पाण्याची बाटली मागितली आणि तिथेच बसून अर्धी बाटली प्यायली. प्रवासात आईला पाणी पिताना मी पहिल्यांदा बघितलं.

परत येऊन होडी गाड्यावर चढवली. पंख्याच्या एका पात्याला दगडाचा ओरखडा होता. शेठला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, त्याने आपल्या पहिल्याच रविवारी पूर्ण पातं मोडलं होतं. दोर आणि लंगर वेगळे विकत घ्यायचे ठरले, म्हणजे मामाचाही मान राहिला. व्यवहार पुढच्या आठवड्यात पुरा झाला. निम्मे पैसे आमचे, निम्मे मामाचे, आणि पावसाळ्यात होडी बोरीच्या कांदाचाळीत राहील.

आता हिशेबाने बघितलं तर हा शहाणपणाचा सौदा नव्हे. वर्षातून फार तर दहा-बारा रविवार मिळतील. पेट्रोल आहे, परवानगीचं नूतनीकरण आहे, बोरीहून डिंभ्यापर्यंत ट्रॅक्टर हाकायचा आहे. नुसतं पाण्यावर फिरायचं असेल तर भाड्याच्या लाँचने फिरा, परवडेल. पण घरात कोणी म्हातारं माणूस असेल, त्याचं काही त्या पाण्यात राहिलेलं असेल, तर केबिन असलेली बोट शोधा. संडासाचं दार आतून लागतंय का तेवढं बघा. आणि दोर लांब घ्या.

रविवारी संध्याकाळी चिंचवडला पोचलो. जिन्यावर शेजारच्या वहिनी भेटल्या. मी पिशव्या घेऊन दोन पायऱ्या पुढे होते. तीन दिवस कुठे गायब होता, असं त्यांनी आईला विचारलं. आई कठड्याला धरून दम घेत थांबली.

"माहेरी गेले होते," ती म्हणाली. "राहा म्हणत होते अजून चार दिवस. पण मुलांची कामं असतात ना, म्हणून आले."